वळणावरचा खांब

ती. भावोजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सध्या जेमतेम पाच वाकतात, तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कारच गोड मानून घ्यावा.) तुमचं ब्लड प्रेशर, ताईचे डोळे आणि तुमची ती सगळी घड्याळं ठीक असतील अशी आशा आहे. घड्याळं अजून एकमेकांवर रुसून वेगवेगळ्या वेळी टोले देतात, की तुम्ही त्यांची समजूत घातलीत? माझं उत्तम चाललं आहे. म्हणजे उजवा गुडघा, डावं कोपर आणि बसायची जागा सोडून बाकी सगळं उत्तम.

पत्र तुमच्या नावे का, ते आधी सांगतो. ताईनं मला निक्षून सांगितलंय, की थंडी संपायच्या आत काय ते एकदा कळव: घर बंद करून आमच्याकडे कायमचा राहायला येतोस की नाही. तुमची घड्याळांची खोली माझ्यासाठी रिकामी करायला घेतल्याचंही तिनं सांगितलं. उत्तर मी या पत्रात देणार आहेच, पण तेच तिला फोनवर दिलं तर ती पहिल्या वाक्याला रडेल आणि दुसऱ्या वाक्याला बॅग भरून निघेल. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून तिची पत्रं तुम्हीच वाचून दाखवता. हेही तसंच दाखवा, आवाज लावून, मधूनमधून हसत. फक्त एक कृपा करा, कंसातला मजकूर गाळा. तो तुमच्या-माझ्यातला आहे.

तर गुडघा-कोपर फोडून घेणाऱ्या या सायकल प्रकरणाचं मूळ ताईच्या फोनमध्ये आहे. दिवस लवकर बुडायला लागले तसा तिचा रोज संध्याकाळी फोन: काय करतोयस, एकटाच बसलायस ना, दिवा तरी लावलास का. एकदा वैतागून मी सांगून टाकलं, की अगं मी संध्याकाळी घरी नसतोच मुळी, सायकल क्लबात जातो. मी ज्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवतो त्याच्या दारावर त्या क्लबाचा कागद चिकटवलेला होता, तो नेमका डोळ्यांपुढे आला, बस्स. बुद्धिबळाचा कागद चिकटवलेला असता तर आज मला एवढं खरचटलेलं नसतं. ताई इतकी हरखली की पुढच्या मंगळवारी मला खरोखरच जावं लागलं. थाप मारताना काही वाटत नाही हो, पण तीच थाप चढावर पॅडल मारत न्यायची वेळ आली की दम निघतो. (एकटाच बसलायस ना, असं ती म्हणाली तेव्हा मी अंधारातच बसलो होतो. दिवा लावायला हरकत काहीच नव्हती, पण लावला की समोरची खुर्ची दिसते.)

आता क्लबात जायचं तर सायकल हवी, आणि घरात सायकल एकच, हिची. तुम्हाला आठवत असेल, लायब्ररीत नोकरीला जायची ती: बायकांची, बुटकी, पुढे वेताची टोपली, आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतील अशी घंटी. तिथे बाकीच्यांच्या सायकली एका हातानं उचलून खांद्यावर टाकाव्यात अशा. एवढ्या सडपातळ, की त्यांच्या शेजारी माझी सायकल बाळंतपणाला माहेरी आलेली वाटत होती. क्लबाची म्होरकी आहे एक शाळेत गणित शिकवणारी बाई, तिला सगळे कप्तानबाई म्हणतात. उत्तर बरोबर पण रीत चूक असलेल्या वहीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं, ब्रेक लागतात का एवढं विचारलं आणि ओळीत शेवटी उभं केलं. कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. या लोकांच्या चड्डीला आतून गादी शिवलेली असते आणि ती घातल्यावर माणूस बदकासारखा चालतो, एवढं पुरे. (मी पहिली संध्याकाळ ती गादी पुढच्या बाजूला घेऊन काढली. सगळे एवढे आरामात कसे बसलेत याचं मला अखेरपर्यंत नवल वाटत होतं.)

या मंडळींचे काही रिवाज आहेत. अंधारात एकामागे एक जायचं. खड्डा आला की पहिला ओरडतो ‘खड्डा’, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असा तो शब्द ओळीतून मागे येत येत माझ्यापर्यंत पोचतो, तोवर मी खड्ड्यातूनच ओ देत असतो. दुसऱ्याच आठवड्यात असा एक खड्डा मी पूर्ण तपासून घेतला. टोपलीत दवाखान्यात पोचवायच्या कवळीची डबी होती. ती उघडली आणि वरची-खालची अख्खी बत्तीशी रस्त्यावर घरंगळत गेली. मी आडवा पडल्यापडल्या ‘दात, माझे दात’ म्हणून ओरडलो. त्यावर माझ्या मागून येणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी सायकल टाकली, माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि जबडा उघडून आत टॉर्च मारला. सगळे दात जागेवर बघून त्यांची फार निराशा झाली असावी. बाकीचे कवळी शोधायला रस्त्यावर ओणवे झाले, ती एका वकिलाच्या बुटाखाली सापडली, आणि त्या दिवसापासून क्लबात माझं नाव कवळी पडलं. आईवडिलांनी एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव तिथे कुणालाच माहीत नाही.

या नर्सबाईंना सगळे शेपूट म्हणतात. यात अपमान काही नाही, तो हुद्दा आहे. शेपटानं नेहमी सगळ्यांच्या मागे राहायचं, सायकलला भलामोठा लाल दिवा लावायचा आणि कुणी मागे पडलं तर त्याच्यासोबत थांबायचं. शेपटाच्याही मागे कुणी राहताच कामा नये. आणि दुसरा हुद्दा म्हणजे खांब. वळण आलं की पुढच्यांपैकी एकानं तिथे उतरून वळायच्या दिशेला हात करून उभं राहायचं, म्हणजे मागून येणारे चुकत नाहीत. शेपूट वळून गेलं की खांबानं सायकलवर बसायचं. शेपूट जाईपर्यंत खांबानं हलायचं नाही. कप्तानबाईंनी हा नियम मला तीनतीनदा बजावला होता, आणि मी लहानपणापासून गणिताच्या बाईंना घाबरतो हे ताई सांगेल.

गेल्या गुरुवारी बोचरा वारा होता, धुकंही उतरायला लागलं होतं. उतारामुळे चुकून मी पुढच्यांत पोचलो आणि कप्तानबाईंनी तेवढ्यात संधी साधून मला खांब केलं. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे एक गल्ली फुटते, तिथे. ती गल्ली पुढे कालव्याच्या काठाशी संपते, सायकली तिथल्या अरुंद लोखंडी पुलावरून पलीकडे चहाच्या दुकानाशी जातात. मी अंगात ते चमकणारं पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हात ताठ, असा उभा राहिलो. एकेक करत सगळे वळले. शेपूट तेवढं यायचं होतं.

शेपटाऐवजी आली एक पार्सलची गाडी. ड्रायव्हरनं वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि गल्लीत वळला. सभ्य माणूस, मीही मान डोलावली. त्याच्यामागे दोन मोटारी वळल्या, मग एक टेम्पो, मग आणखी मोटारी. मला वाटलं, एवढीशी गल्ली पण काय वर्दळ आहे. मग बस वळली. भावोजी, मी शपथेवर सांगतो, तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पुढे सगळे कालव्यापाशी अडकले, मागे फिरायचं तर मागून नवे येतच होते, भोंगे वाजायला लागले, आणि मी आपला हात तसाच ताठ. शेवटी बसचा ड्रायव्हर उतरून चालत माझ्यापाशी आला आणि पुढे काय झालंय, रस्ता कशानं बंद केलात, असं मोठ्या अदबीनं विचारलं. मी म्हटलं, मला काही कल्पना नाही, मी शेपटाची वाट बघतोय. त्यानं विचारलं, कसलं शेपूट? मी म्हटलं, आमचं. त्यावर त्यानं माझ्याकडे खालून वर सावकाश बघितलं, मग टोपलीकडे बघितलं, आणि त्याची अदब गेली.

तो जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. (कंसातही नाही.) मी हात खाली घ्यायला तयार नव्हतो, नियम तो नियम. तेव्हा त्यानं दाराचा खिळखिळा कडीकोयंडा फिरवावा तसा माझा हात धरून मोठ्या रस्त्याकडे वळवला, आणि सगळ्या गाड्या निमूट तिकडे जायला लागल्या. माणसं हाताचं किती ऐकतात हो! आत अडकलेले एकेक करून उलटे बाहेर निघाले, जाताना प्रत्येकानं काच खाली करून माझ्या कुळाचा उद्धार केला. त्याच गडबडीत मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीतून एका बाईंनी मात्र हसून हात हलवला. तेवढंच बरं वाटलं म्हणून मीही डावा हात हलवला, उजवा कामावर होता. त्या आमच्या नर्सबाई होत्या, हे मला मागाहून कळलं. त्यांची सायकल पंक्चर झाली होती आणि जावई त्यांना घरी घेऊन चालला होता. ‘मी चालले, तुम्ही जा’ असं त्या सांगत होत्या म्हणे.

मग रस्ता रिकामा झाला. मी हात पुन्हा गल्लीकडे वळवून उभा राहिलो. बोटं कधीच बधिर झाली होती. तरी हललो नाही. हा शहाणपणा नव्हता, हे मला मान्य आहे. (भावोजी, तिथे उभ्याउभ्या एक विचार आला तो तुम्हालाच सांगतो. मी आज घरी पोचलोच नाही, तर ते कळणार कुणाला? ही होती तेव्हा मला थोडा उशीर झाला तरी खिडकीत येऊन उभी राहायची. आता सकाळी दवाखान्यातून कवळी कुठे म्हणून फोन येईल, तोवर कुणाला पत्ता नसता. मला भीती वाटली नाही, नुसतं वाईट वाटलं, आणि ते फार वाटलं.)

तेवढ्यात गल्लीत, कालव्याच्या बाजूनं, धुक्यात एक दिवा दिसला. मग दुसरा. मग अख्खी ओळच. चहाच्या दुकानात कप्तानबाई कायम डोकी मोजतात, आणि एक डोकं कमी भरलं होतं. चहा सांगून झाला होता, तो तसाच टाकून सगळे त्या वाऱ्यात मला शोधायला उलटे निघाले होते. अहो कवळी, अजून इथंच उभे तुम्ही? कप्तानबाई लांबूनच ओरडल्या. मी म्हटलं, शेपूट गेलं नाही. त्यावर सगळे इतके हसले की वकिलाला खाली बसावं लागलं. मीही हसलो. हात मात्र खाली येईना, तो दोघांनी मिळून दुमडला. (मी हसता हसता रडलो, पण थंडीत सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत असतं, त्यामुळे निभावलं.)

बसची हकीकत कळल्यावर मला क्लबातून काढतील असं वाटलं होतं. झालं उलटं. नर्सबाईंना शेवटी राहून राहून कंटाळा आलाय, त्यांना जरा जोरात चालवायची आहे. कप्तानबाईंनी जाहीर केलं, की जो माणूस बससमोरही जागा सोडत नाही तोच शेपूट व्हायला लायक, शिवाय तो तसाही कायम शेवटीच असतो. परवापासून तो लाल दिवा हिच्या सायकलला आहे, टोपलीच्या बरोबर विरुद्ध टोकाला, त्यामुळे सायकलचा तोलही सुधारलाय. तेव्हा आता मागे कुणी राहिलं नाही ना, हे बघायचं काम माझ्याकडे आहे. अशा वेळी घर बंद करून तिकडे यायचं म्हणजे कसं जमणार, तुम्हीच सांगा. माझा निरोप ताईला जरा बेताबेतानं द्या.

तुमचा,
कवळी (हे नाव घरात रुळू देऊ नका)

ता. क. खोली रिकामी करणं ताबडतोब थांबवा आणि घड्याळं पुन्हा भिंतीवर लावा. खोली जाणार म्हणून तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत, पण तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. थंडी संपली की आठवडाभर येईन, घड्याळांत झोपेन.

आणखी एक ता. क. भावोजी, इथून पुढचं तुम्ही वाचू नका. पत्र ताईच्या हातात द्या.

ताई, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवसापासून तुला लख्ख दिसतंय हे मला भाचीनं कधीच सांगितलंय. भावोजींना वाचून दाखवायची हौस म्हणून तू मुकाट्यानं ऐकतेस, आणि ते घड्याळांना चावी द्यायला उठले की पत्र पुन्हा पहिल्यापासून स्वतः वाचतेस. कंस तुझ्यासाठीच होते. तोंडावर सांगायला मला जमलं नसतं. आता डोळे चांगले झालेच आहेत, तर मला हातमोजे विणून पाठव. उजवा भडक पिवळा, धुक्यात लांबून दिसेल असा. डावा उरलेल्या लोकरीचा चालेल. फोन रोज कर, फक्त मंगळवारी आणि गुरुवारी जरा उशिरा कर. सगळे आपापल्या घरी पोचल्याचं बघून मग मी येतो. आलो की आधी दिवा लावतो.