ढेकळातली पांढरी कळलावी

२० ऑगस्ट १९७८
हिंगणीच्या ओढ्यापल्याड कळलावीचा वेल सापडला. फुलानं लालभडक नाई — फिक्का, पिवळट! ढेकळासकट उपटला अन् अंगणात तेलाच्या पिप्यात लावला. शेजारची शकुबाई कुंपणावरून म्हणे, "कळलावी दारात? घरात भांडणं लावतं काय वं?" म्हटलं, भांडाले मी आहो न! वेल कायले पाह्यजे?

२१ ऑगस्ट
पोरगा रूपराव जेवता जेवता म्हणे, "आई, हे कुठून आणलं?" सांगितलं. ताट सोडून उठला. मागच्या साली त्याचं लेकरू गेलं, नाव ठेवाच्या आधीच. तेव्हापासून असाच. कुठं पुरलं तेही सांगत नाई. आपल्यात पुरायले बाया जात नाईत, विचारतही नाईत.

२ सप्टेंबर
भोपळ्याले नरफूल लावतो तसंच केलं. फिक्क्या फुलातली भुकटी फिक्क्यालेच चोळली. वरून चिंधी बांधली — नाईतर माश्या लालाची आणतीन! नागपूरचे नर्सरीवाले अण्णाजी म्हणे, पांढरी निघाली तं प्रदर्शनात तुमच्या नावानं लावतो.
माझ्या नावानं!

१८ ऑगस्ट १९८१
त्या फिक्क्याचं बी डब्यात अन् ढेकळाच्या पिप्यातही पेरलं होतं, ते तिसऱ्या साली फुललं. सगळ्या डब्यात लालच लाल. बी एकच, पाणी एकच! फक्त त्या ढेकळाच्या पिप्यात पांढरी. दुधासारखी.

२५ ऑगस्ट
सून कोकिळा पिप्यापाशीच बसून राह्यते. वेलाच्या पानाचं टोक तिच्या पदराले गुंडाळते, ती सोडवत नाई. आज म्हणे, "आत्याबाई, इथं आली की पान्हा येते." इतक्या सालानं? खेकसली मी, "भांडे घास!"
पण चोळी ओली होती. मी पाह्यली.

९ जानेवारी १९८२
उद्या अण्णाजी पांढरीचा मातीतला कांदा न्यायले येते. कोकिळेनं पाय धरले — "त्याले नका देऊ." म्हटलं, त्याले कोणाले? फूल आहे ते! जन्मात पहिल्यांदा माझं नाव कुठं लागन. देणारच.

१० जानेवारी
पिपा उपडा केला. कांद्याच्या मुळ्यात काळे-पांढरे मणी. लेकराच्या मनगटाचे. मीच ओवले होते.
माती परत लोटली. फाटकात अण्णाजी. ओरडली मी, "वेल मेला! जा!"
मागून कोकिळा — "हळू बोला, आत्याबाई. आत्ताच झोपला."