उत्तर कडेचं गवत

७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून न फोडताच वहिनीकडे दिलं असशील, तर वहिनी, मोठ्यानं वाच. हा दाराआड उभा राहून ऐकणार, मला पक्कं माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी. तुमचं काय बिनसलंय म्हणून रोज खोदून विचारते. मी म्हणते, तो कामात आहे.

आता खरी बातमी. ढीग हिरवा झाला! सगळा नाही, चाळीस ओळी. बावीस वर्षं तू जिथं डंपर रिकामा केलास, त्याच खाणीच्या राखाडी चुऱ्यात रोपं गुडघ्याला लागतात.

ढिगावर रोपं जगवताना आधीच्या दोन वर्षांत आमची झालेली फजिती तू पाहिलीच आहेस. रोपांना मदत करायला आम्ही बाटल्यांतून जिवाणू आणले. प्रयोगशाळेत लाडावलेले ते! चुऱ्यातलं शिसं लागलं की आठवड्यात गारद, आणि त्यांच्यामागून रोपं. त्यात माझी शिस्त. वाफ्यात आपोआप बारीक गवत उगवलं की मी निगा राखणाऱ्या मावशींना ते उपटायला लावायचे. वाफा स्वच्छ हवा, नाहीतर मोजमाप चुकतं. मावशी ते गवत आणि माझी मेल्यात जमा झालेली रोपं कुंपणाजवळच्या एकाच खड्ड्यात टाकून द्यायच्या.

पावसाळा संपता संपता एका सकाळी त्या ओरडल्या, "अहो बाई, तुमची मेलेली पोरं उठून बसली!"

मी एक चप्पल वाटेत टाकून पळाले. खड्ड्यातला चुरा तोच, रोपं तीच, आणि हिरवीगार. जास्तीचं काय होतं, तर उपटलेलं गवत. त्याच्या मुळांशी जिवाणू सापडले, ह्याच ढिगात जन्मलेले. शिसं ते मुळाबाहेरच अडवून धरतात आणि वर रोपाला खाणंही पुरवतात. आणि मी दोन वर्षं त्यांनाच उपटून फेकत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मग तेच पाण्यात वाढवून आम्ही ह्या चाळीस ओळींना घातले.

ते गवत कुठून आलं, हे तुला सांगायला नको. उत्तर कडेला तू डंपर थांबवून डबा खायचास, तिथलं बी वाऱ्यानं वाफ्यात आलं.

इथवर छान लिहिलं. आता जे टाळत होते ते.

मागच्या मार्चमधल्या बैठकीत, ढिगात कुठं काय टाकलंय ते सांगायला तुला बोलावलं होतं. तू म्हणालास, "माझ्या कडेला गवत आपोआप येतं. त्याच्या मुळांत काय आहे ते बघा की." कोणीतरी हसलं. मी घाबरले आणि म्हणाले, "ड्रायव्हर, ढीग तुम्ही केलात. उपाय आम्हाला करू द्या."

तुम्ही! जन्मात पहिल्यांदा तुला 'तुम्ही' म्हटलं. आपण बहीणभाऊ आहोत हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी ते तसंच राहू दिलं. तू टोपी उचललीस आणि गेलास. तू डंपर चालवलास म्हणून मी शिकले, आणि शिकले म्हणून मला तुझी लाज वाटली. चुकले मी, दादा. फार चुकले.

परवा त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर मी ओळींचे फोटो दाखवले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे गवत तपासायचं सुचलं कोणाला?"

"माझ्या भावाला," मी म्हणाले. "मागच्या वर्षी त्यानं इथंच सांगितलं होतं. मीच त्याला गप्प केलं."

कोणी हसलं नाही. ढिगाच्या अख्ख्या उतारावर हेच करायची परवानगी मिळाली. अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊला जिवाणूंच्या पाण्याचं पहिलं पिंप उतारावर सोडायचं आहे. कोणत्या भागात कसला माल पडलाय ते नकाशात नाही, तुझ्या डोक्यात आहे. ये. नाही आलास तरी उतार हिरवा होईल, त्याची मला खात्री आहे. ते जिवाणू तुझ्याइतकेच हट्टी आहेत. पण पिंपाची तोटी मी उघडणार नाही. ती तू उघडायचीस, सगळ्यांसमोर, आणि तू कोण आहेस ते मी सांगणार.

डबा मी आणते. दोघांचा.

तुझी वाट पाहणारी,
ड्रायव्हरची बहीण
बुटकी