तिसरा बिल्ला

सोमवार
पोहोचलो एकदाचे! निवृत्त झाल्या झाल्या ह्यांनी ही शिडाची बोट घेतली, तेव्हा मी म्हटलं होतं, ही बुडणार आणि आपल्यालाही बुडवणार. पण आज समुद्रातून जुनं शहर दिसलं, काळे बुरूज, पाण्याला टेकलेली घरं, आणि मी चक्क कुरकुर विसरले. आतल्या बंदराला जाड लाकडी दरवाजा आहे, तो भरतीलाच उघडतात. दरवाजेवाला म्हातारा बोटीतल्या माणशी एक पितळी बिल्ला खुंटीला अडकवतो. जाताना ज्यानं त्यानं आपला काढून गळ्यात घालायचा. खुंटी रिकामी झाली की दरवाजा उघडतो. किती माणसं, असं त्यानं विचारलं. हे म्हणाले, "तिघं. मी, ही आणि हिचा संशय." म्हातारा हसला नाही. त्यानं तीन बिल्ले अडकवले. मी ह्यांना कोपरानं ढोसलं.

मंगळवार
गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. मजा आली. धक्क्यावरच्या खाणावळीत मात्र बाईनं तीन ताटं वाढली. दोघंच आहोत म्हटलं, तर मान डोलावून ताट तसंच ठेवलं. जास्तीचे पैसे लावणार, दुसरं काय! बिल नीट पाहिलं. लावले नव्हते. तेच खटकलं, फुकट कोण कुणाला जेवू घालतं? उठताना पाहिलं तर तिसरं ताट रिकामं. हे म्हणाले, तुझ्या संशयाचं पोट भरलं.

बुधवार
अंघोळीच्या खोल्या धक्क्यावर आहेत. तिथं तीन टॉवेल मिळाले. तिसरा मी कोरडाच दोरीवर टाकला होता, परत आले तर ओला. ह्यांचंच काम असणार. हे नाही म्हणतात. बोटीत झोपायचे तीन बाक आहेत, त्यातल्या रिकाम्या तिसऱ्यावर आम्ही दोरखंड रचले होते, ते कुणीतरी खाली नीट लावून ठेवलेत. गावातलं कुणीतरी आत शिरतंय. दरवाजेवाल्याकडे तक्रार केली. बिल्ल्याशिवाय इथं कुणी बोटीवर चढत नाही, म्हणाला.

गुरुवार
दुपारी बोटीला कुलूप लावून गेलो होतो. कुलूप जसंच्या तसं, पण तिसरा बाक हाताला गरम लागला. माझा निळा स्वेटर नाही. हे म्हणाले, सकाळी तोच घालून धक्क्यावर उभी होतीस की, हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस.
मी सकाळभर बोटीत आत भांडी घासत होते.
हे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. थट्टा केली नाही. मला भीती वाटते आहे. उद्या निघायचं.

शुक्रवार
निघता येईना. तिसरा बिल्ला खुंटीवर, दरवाजा बंद. मी घेते म्हटलं. म्हातारा म्हणाला, चालत नाही, ज्याचा त्यानंच घ्यायचा. ह्यांनी हात जोडून सांगितलं, ती थट्टा होती. शेवटी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, काढून टाका तो तिसरा, आम्ही दोघंच आलो, दोघंच जाणार. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, दोघंच, नक्की? मी ठणकावून हो म्हटलं. त्यानं एक बिल्ला काढून खिशात टाकला.
उद्या सकाळच्या भरतीला.

शनिवार
दोघांनी आपापला बिल्ला गळ्यात घातला, दरवाजा उघडला. हे सुकाणूवर होते. भांडी आवरताना बिल्ला आड येत होता म्हणून गळ्यातून काढून ओट्यावर ठेवला. ही वही ठेवलेली पिशवी खांद्याला होती, तशीच धक्क्यावर उतरले — फक्त दोर सोडायला —

बोट सरकली. मी ओरडले. बंदरातून बाहेर पडायला लावलेल्या इंजिनाचा आवाज — ह्यांना ऐकूच गेलं नाही.

निळा स्वेटर. डेकवर उभी राहून दोर गुंडाळतेय, मी गुंडाळते तसाच, डाव्या हातावर. गळ्यात माझा बिल्ला.

हे तिच्याशी बोलतायत. हसतायत.

म्हातारा दरवाजा लोटतोय. माझा नवरा आहे तो, थांबवा, म्हटलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही. "दोघंच म्हणालात ना तुम्ही."

ह्यांना संशय यायला हवा — पण घरात संशय घ्यायचं काम माझं होतं —

शीड दिसेनासं झालं. खाणावळवाली येतेय. हातात एकच ताट. ती माझ्याकडे बघतच नाही, ताट माझ्या शेजारी ठेवते, मंगळवारी ते तिसरं ठेवलं होतं तसंच —