दहा गेम आणि एक खडू

३ नोव्हेंबर, सकाळ
आज लिफ्टमध्ये शेजारच्या निवृत्त तिकीट तपासनिसांनी माझे अभिनंदन केले. कारण विचारले असता ते म्हणाले की, ह्या वर्षी सर्वांत जास्त वाखाणल्या गेलेल्या दहा व्हिडिओ गेमची यादी पेपरात आली आहे आणि तीत तुमच्या लेकीचा गेम आहे, तुम्ही पेपर वाचत नाही काय? मी पेपर वाचतो. फक्त ते पान वाचत नाही.

घरी येऊन ते पान वाचले. दहा गेम, एकाखाली एक. कन्येचा सहावा. प्रतवारी कोणी केली, कोणत्या कसोटीवर केली, ह्याचा एका ओळीनेही खुलासा नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. परंतु ती चौथी त्या काळची होती. शिवाय सबंध हयात मी लाकडाच्या वखारीत प्रतवारीचेच काम केले. फळी उजेडात धरायची, ठोकून आवाज ऐकायचा, गाठी आणि चिरा पाहायच्या, आणि टोकाला खडूने वर्तुळ काढून आत नंबर घालायचा. एक, दोन, तीन, नाहीतर जळाऊ. मालकाच्या मेहुण्याचा मालही मी जळाऊ ठरविलेला आहे.

तेव्हा ह्या दहा गेमांची खरी प्रतवारी मीच करणार. १५ डिसेंबरला बक्षीस समारंभ आहे. त्यापूर्वी काम संपवायचे. कन्येशी ह्याचा काहीही संबंध नाही.

४ नोव्हेंबर
संकल्प. रोज सकाळी दोन तास परीक्षण. पक्षपात नाही. कोणाची मदत नाही. निकाल अडगळीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने, खडूने.

कन्येने दोन वर्षांपूर्वी पाठविलेले गेमचे मशीन माळ्यावर तसेच पडून होते. खोके उतरविले. त्याचे सील आधीच फुटलेले निघाले. कुरिअरवाले हल्ली फार निष्काळजी झाले आहेत. सौ.ने सर्व वायरी न पाहता जोडल्या. स्त्रियांना वायरींची उपजत जाण असावी. दहाही गेम मशीनमध्ये आधीपासूनच होते. कंपनी देत असावी.

६ नोव्हेंबर
घोड्याचा गेम. पेपरात पहिला. घोडा विहिरीत पडला. वर आला. पुन्हा पडला. सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली की जरा डावीकडचे बटण सोडून पाहा. परीक्षण चालू असताना सूचना स्वीकारल्या जात नाहीत, असे मी तिला स्पष्ट केले. घोडा पडला.

दुपारी ४
एक मोठा शोध लागला आहे. मशीन चालूच ठेवून मी दुपारचा आडवा झालो होतो. उठून पाहतो तर घोडा विहिरीबाहेर, दरी ओलांडून पलीकडे, पाठीवर नवे खोगीर, आणि सोबतीला दुसरा घोडा. मी हात लावलेला नाही.

विचार करता उलगडा झाला. ओले लाकूड थप्पी लावून स्वस्थ ठेवले की आपोआप मुरते. त्याला सारखे हाताळायचे नसते. गेमचेही तसेच आहे. सकाळी पाया घालायचा आणि दुपारी मुरू द्यायचे. पेपरवाल्यांना हे ठाऊक असणे शक्य नाही. सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "असेल. तुम्ही दुपारचे आणखी थोडे झोपत जा."

घोड्याला एक नंबर दिला.

१० नोव्हेंबर
तलवारीचा गेम. माझा वीर राजवाड्याच्या दारातच मेला. उठला आणि दारातच मेला. द्वारपाल अत्यंत उर्मट आहे. दुपारी झोपून उठलो तेव्हा द्वारपाल मेलेला आणि वीर सिंहासनावर. लवकर मुरला. माल बरा आहे, पण चिरा फार. दोन नंबर.

१४ नोव्हेंबर
शेतीचा गेम. पेरणी केली. पाणी घालायचे असते हे कोठेही नीट लिहिलेले नाही. सर्व पीक वाळले. मुरल्यानंतर शेत हिरवेगार, गोठ्यात एक गाय. गायीच्या डोक्यावर तिचे नाव येते. 'चिमणी'. कन्येला लहानपणी घरात हेच म्हणत. विलक्षण योगायोग.

तीन नंबर. गायीसाठी कदाचित दोन. नको, तीन.

१९ नोव्हेंबर
परीक्षण बंद. अंगठा सुजला. डॉक्टर म्हणाले की हे दुखणे लहान मुलांना होते. परीक्षकांनाही होते, असे मी त्यांना सांगितले.

२३ नोव्हेंबर
नावाड्याचा गेम. ह्यात मारामारी नाही, केवळ बोलणे. नावाडी आणि त्याचा भाऊ ह्यांचे भांडण झालेले असते. भाऊ दारात येऊन उभा राहतो आणि मग पडद्यावर तीन वाक्ये येतात. त्यांतले एक निवडायचे. 'माझं चुकलं.' 'आत ये.' आणि तिसरे, 'काही न बोलणे.' मी तिसरे निवडले. भाऊ निघून गेला आणि गेम संपला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिसरे निवडले. पुन्हा संपला. इतका आखूड गेम पेपरात दुसरा कसा येतो?

मुरल्यावर दोघे भाऊ एका ताटात जेवत असलेले दिसले. तरीही नंबर बदलणार नाही. जळाऊ.

२६ नोव्हेंबर
उरलेले पाच गेम झपाट्याने उरकले. दोघांना दोन नंबर, तीन जळाऊ. आता कन्येचा तेवढा राहिला.

सायंकाळी सौ. फोनवर कन्येशी बोलत होती. कन्येने बँकेतली नोकरी सोडून हे गेमचे काम धरले त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नाही. चार वर्षे झाली. जे काय असेल ते सौ.मार्फत. व्यवस्था उत्तम चालू आहे. फोन ठेवून सौ.ने निरोप दिला, "ती म्हणतेय, बाबांनी एकदा माझ्याबरोबर खेळावं. मग हवा तो नंबर द्यावा." ती तिच्या गावी बसून आणि मी येथे बसून एकत्र खेळता येते म्हणे. शिवाय १५ तारखेच्या समारंभाला दोघांनी यावे, असेही म्हणाली.

मी उत्तर कळविले. ज्याचा माल तपासायचा त्याच्या घरचा चहासुद्धा मी कधी घेतलेला नाही. समारंभाचे मागाहून पाहू.

२८ नोव्हेंबर
कन्येचा गेम. एक ओसाड मैदान, एक लांब फळी आणि दोन माणसे. फळी उचलून पुढे न्यायची असते. ओढा आला की तिचा पूल करायचा, पाऊस आला की छप्पर, दमले की बाक. गेम इतकाच.

फळी बारकाईने पाहिली. रेषा बरोबर दिशेने गेलेल्या आहेत. गाठ जेथे असायला हवी तेथेच. टोकाला खडूचे वर्तुळ आणि वर्तुळाखाली एक लहानशी आडवी रेघ. ती रेघ फक्त मी मारीत असे; इतर कोणी मारीत नसे. कन्या लहानपणी शाळा सुटल्यावर वखारीत येऊन मापाच्या टेपचे दुसरे टोक धरून उभी राहत असे, त्या वेळी तिने पाहिली असेल. परवानगी घेतलेली नाही. वर्तुळ मात्र रिकामे आहे. आत नंबर घालण्याचे राहून गेले असावे.

मी माझे टोक उचलले. दुसरे टोक जमिनीवर घासत राहिले. दुसरा माणूस त्या टोकाशी नुसता उभा राहून माझ्याकडे पाहतो. काही करीत नाही. तासभर ओढली, फळी दोन पावलेही सरकली नाही.

दुपारी मुरू दिली. फळी जागच्या जागी. हा माल हट्टी दिसतो.

१ डिसेंबर
सकाळी सौ. मशीनशी काहीतरी खुडबुड करून फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी परीक्षण सुरू केले. माझे टोक उचलले आणि तेवढ्यात दुसरा माणूस वाकला. त्याने आपले टोक उचलले. फळी सरळ झाली, अगदी पाणसळ लावल्यासारखी. तो पुढे गेला नाही. मी निघावे म्हणून थांबला.

आम्ही निघालो. मी अडखळलो की तो थांबे. ओढ्याशी आलो. तेथे फळी पूल म्हणून टाकली, आणि पलीकडे जाऊन तिच्यावरच बसलो. दोघांचे पाय खाली लोंबत होते. पाण्याचा आवाज चांगला काढला आहे. तो माझ्याकडे वळला आणि त्याने हात हलविला.

तेव्हा माझ्या लक्षात आले की परीक्षण निःपक्ष राहिलेले नाही. मी बटण बंद केले.

स्वयंपाकघरातून सौ. फोनवर कोणाला तरी हळूच सांगत होती, "बंद केलं त्यांनी." मशीनमध्ये बिघाड असावा. गेम मुरण्यापूर्वीच आपोआप चालू लागला, हे लक्षण चांगले नाही.

४ डिसेंबर
निकाल. कन्येचा गेम: नंबर दोन. कारण, एकट्या माणसाला फळी उचलता येत नाही, हा बनावटीतला दोष आहे. बाकी काम स्वच्छ. निकाल दारावर लिहिला व सौ.मार्फत फोनवर कळविला. कन्येने उलट निरोप दिला, "बाबांना सांग, तोच तर गेम आहे."

उत्तर संदिग्ध आहे. लेखी खुलासा मागविला. आलेला नाही.

७ डिसेंबर
सौ.ने समारंभाचा विषय पुन्हा काढला. गाडीचे आरक्षण करायचे आहे. एक की दोन? मी तिला समजावून सांगितले की, नंबर दोन देणारा परीक्षक पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू शकत नाही. त्यावर ती उठून अडगळीच्या खोलीचे दार उघडून उभी राहिली आणि माझे वर्तुळ पाहत म्हणाली, "आयुष्यभर फळ्यांवर खडू मारलात. पोरीवरही मारलात. आता तरी पुसा."

आवाज चढविलेला नव्हता. चढविला असता तर उत्तर देता आले असते.

आरक्षण एकाचे केले.

१२ डिसेंबर
सौ. सकाळी गेली. कपडे कोठे, औषधे कोठे, गॅस कसा बंद करायचा, सर्व दोनदा सांगितले. मी लहान आहे काय? जाता जाता दारात थांबून म्हणाली की मशीनचा दुसरा रिमोट टीव्हीच्या खालच्या कप्प्यात आहे. दुसरा रिमोट असतो हे मला माहीत नव्हते. त्याची बटणे पुष्कळ झिजलेली आहेत. नवी वस्तू अशी येता कामा नये.

संकल्प: ह्या शांततेचा उपयोग करून सर्व गेमांची फेरतपासणी.

१३ डिसेंबर
घोडा विहिरीत. दुपारी झोपलो. उठलो. घोडा विहिरीत.

१४ डिसेंबर
घोडा तेथेच. शेतातले पीक पुन्हा वाळले. गाय दिसत नाही.

१६ डिसेंबर
तिकीट तपासनीस जिन्यात भेटले. कन्येच्या गेमला काहीच मिळाले नाही, असे ते म्हणाले. बक्षीस नावाड्याला. ज्याला मी जळाऊ ठरविले त्याला. "वाईट वाटलं हो," असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एक नंबर नव्हताच, असे मी त्यांना सांगितले. माझी प्रतवारी योग्य ठरली, ह्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. चहा करून ठेवला होता, तो प्यायचा राहून गेला.

सायंकाळ
सौ.चा फोन. कन्या थकली आहे म्हणून आणखी काही दिवस तेथेच राहते म्हणाली. किती, ते सांगितले नाही. मीही विचारले नाही.

१८ डिसेंबर, सकाळी १०
चार वर्षांत प्रथमच कन्येचा नंबर मी स्वतः फिरविला. काय बोलायचे ते आधी पाटीवर लिहून घेतले होते. फळीची गाठ उत्तम काढली आहे, हे पहिले वाक्य. पुढचीही होती.

तिने फोन उचलला. माझा नंबर पाहून म्हणाली, "आई अंघोळीला गेलीये. आली की करायला सांगते." मी ठीक आहे म्हणालो. तिने आणखी काही काम आहे का, असे विचारले. पडद्यावर तीन वाक्ये येत नसल्याने निवड करणे कठीण गेले. मी काही नाही म्हणालो.

२१ डिसेंबर
दारावरचा दोन पुसला. बाहीने पुसला, फडके सापडले नाही. वर्तुळ आणि खालची रेघ तशीच ठेवली आहे. हे कोणाला कळविण्याची सध्या व्यवस्था नाही.

दुसरा रिमोट चार्ज करून समोरच्या खुर्चीवर ठेवला. कोणी येणार आहे म्हणून नव्हे. वस्तू तयार असावी. मग गेम सुरू केला आणि माझे टोक उचलून धरून बसलो. अंगठा ठणकू लागला तरी सोडले नाही. समोरचा माणूस उभा आहे. माझ्याकडे पाहतो आहे. वाकत नाही.

सायंकाळी ६
दुपारभर झोपून पाहिले. फळी जेथे होती तेथेच आहे. हवा दमट आहे. अशा हवेत मुरायला वेळ लागतो.