मैनेची चढण

प्रिय रोशनी,

फोनवर तू माझी चौकशी एका वाक्यात उरकतेस आणि मग हळूच विचारतेस, मैना अजून लंगडते का? तर ऐक, तुझी घोडी आता लंगडत नाही. मागचे पाय मात्र कच्चे आहेत, म्हणून रोज सकाळी मी तिला सेमिनरी हिल्सच्या चढावर नेतो. बासष्टाव्या वर्षी नवरा खोगिरावर बसतो म्हणून तुझी आई कपाळाला हात लावते. लावू दे.

चढावर घोड्याला फक्त चालवायचं असतं. आपण जरा पुढे झुकून लगाम सैल सोडायचा. मग तो मागचे पाय पोटाखाली घेऊन अंग वर ढकलतो आणि त्याच्या मांड्या नि पुठ्ठे भरतात. पण ही बया चढ दिसला की पळत सुटते! मी खूश, म्हटलं पोरीत दम आला. आपल्या घोड्यांचं सगळं करणारा शालिकराम तिला पाणी पाजता पाजता म्हणाला, "दम नाही साहेब, मागं जोर नाही तिले, म्हणून पळून राहिली." खरंच होतं. धावेच्या भरात चढ निघून जातो, पायांना काम पडतच नाही. आता ती पळू लागली की थांबवतो आणि पुन्हा चालवतो. काल पहिल्यांदाच ती वरच्या वळणापर्यंत चालत गेली. मला रडू आलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या अडथळ्यांच्या स्पर्धेआधीही ती अशीच पळत चढायची आणि मी कौतुकाने सगळ्यांना दाखवायचो. शालिकरामने तेव्हाही सांगितलं होतं, महिनाभर थांबा. मी त्याला गप्प केलं. मला तुझ्या गळ्यात पदक बघायची घाई झाली होती. तिसऱ्या अडथळ्यावर तिचे मागचे पाय उठलेच नाहीत, तू पडलीस, आणि मी चारचौघांत ओरडलो, "लगाम काहून ओढला वं?" धंतोलीच्या दवाखान्यात तुझ्या हाताला प्लास्टर घालत होते, तेव्हाही तू रडत म्हणत होतीस, माझ्यामुळे मैना लंगडी झाली. मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही. त्यानंतर तू घोड्यावर बसली नाहीस.

फोनवर हे सांगायला गेलो की मी पुण्याच्या पावसापाण्यावर येतो, म्हणून लिहितोय. पुन्हा घोड्यावर बसायचं की नाही, ते तूच ठरव. मला माफ करायचं की नाही, तेही. पण स्वतःला दोष देऊ नकोस, पोरी. मी अडथळ्यापासून दहा पावलांवर उभा होतो. तू लगाम ओढला नव्हतास, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

तुझाच,
बाबा