विरघळलेले अनारसे

धनत्रयोदशी, संध्याकाळ

अनारशांचा तिसरा घाणाही तुपात विरघळला. गूळ जास्त झाला आणि मिसळायला कोरडं पीठ उरलं नाही. उद्या लेकीचा पहिला दिवाळसण. हिंजवडीहून येणाऱ्या विहीणबाईंना मीच ऐकवलं होतं, आमच्याकडे विकतचा फराळ चालत नाही. कॉन्व्हेंटात नॅपकिनच्या घड्या शिकवल्या, हे नाही.

शेवटी शेजारच्या मंदाकडे पीठ मागायला गेले. ती बीडची. गेल्याच आठवड्यात जिन्यात तिच्या बोलण्याची नक्कल केली मी, आणि ती तिने ऐकली.

"मॅडम, पीठ नेऊन बी बिघडवताल. चला, मीच येते."

आता ती तळते आहे. एकही विरघळत नाही. उद्या विहीणबाई माझं कौतुक करतील. तेव्हा मंदाचं नाव घेईन का मी? ओळखते मी स्वतःला. नाही घेणार.