झोपलेल्याला उठवू नये

४ जून, दुपार

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार.

तुमचा पाय कसा आहे? मोडायला लेकीचं बाळंतपणच सापडलं त्याला! पण काळजी सोडा, बाळंतीण आमच्याकडे सुखात आहे.

फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, असं सूनबाई म्हणाली. विहीणबाई, आमचं घर बेकरीवाल्यांचं. हे आणि चिरंजीव रात्रभर भट्टीसमोर उभे असतात. सकाळी पाव गाडीत चढले की घरी येऊन आडवे होतात, ते पार संध्याकाळी उठतात. दिवसा या घरात फोनसुद्धा गप्प असतो. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्यात, पडदे गोधडीसारखे जाड आहेत, आणि दाराच्या बेलची तार तर मी नवी नवरी असतानाच काढून टाकली. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा आमच्या घरचा एकच कायदा. फोनवर मी कुजबुजेन हो, पण तुमचा आवाज तीन गल्ल्यांना ऐकू जातो, त्याचं काय करू? म्हणून हे पत्र. पावाच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्या गावावरूनच जातो, तो आणून देईल.

आता नातीचं ऐका. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात ते खोटं नाही. ही अगदी बेकरीवाल्याच्या घरात शोभेल अशीच जन्माला आली. रडणं नाही, किरकिर नाही. पाजायला घेतली की दोन घोट ओढते आणि गाढ झोपते. लंगोटही फारसे भिजवत नाही, त्यामुळे धुणंच पडत नाही. मी तिचं नावच ‘गुणाबाई’ ठेवलंय. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी हौसेने तिला बेकरीतल्या पिठाच्या काट्यावर तोलली. कारागीर हसले, म्हणाले, “मालकीणबाई, हा गोळा चुकून परातीत जायचा!”

सूनबाई मात्र उगाच जिवाला घोर लावून घेते. सारखी पोरीचे गाल चोळून उठवायला बघते. मी म्हटलं, “अगं, भूक लागली की रडेल ना! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.” तुम्हीही तिला हेच समजवा.

तुमची विहीण


७ जून

सौ. विहीणबाईंस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ‘एवढी झोप बरी नव्हे, चिमटा काढा पण उठवून पाजा’ असं खरमरीत लिहिलंत. वाचलं. घरोघरी वेगळी पद्धत असते, एवढंच म्हणते.

सूनबाईची छाती दगडासारखी झाली आहे, अंगात कणकण आहे. दूध दाटून येतं आणि पोर तोंडच उघडत नाही. ओठांवर थेंब पिळला तर तो गालावरून ओघळून जातो. पहिलटकरणीला होतं असं. काल ती हुंदके द्यायला लागली तेव्हा मी तिच्या हातात उशी दिली. म्हटलं, रड, पण ह्यात तोंड घालून रड, आत माणसं झोपलीत. शहाणी आहे, ऐकलं तिने.

बाळाने अंग धरलं का, रंग कसा आहे, असं तुम्ही विचारलंत. रंग जरा पिवळट वाटला, पण आमचे पडदेच मोहरीच्या रंगाचे, त्यात आम्ही सगळेच पिवळे दिसतो. अंगही धरेल हळूहळू. काटा बेकरीत आहे, आणि कामाच्या गर्दीत तिथे तान्हं बाळ कुठे घेऊन जाऊ?

बाकी सगळं ठीक. हवा फार गरम आहे. पाव लवकर सुकतो.

तुमची विहीण


१८ जून

विहीणबाई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, तरी नमस्कार.

“कावीळ झाली होती, आता बरं आहे, दुखरा पाय घेऊन धावपळ करू नका,” असं चिरंजीवाने तुम्हाला फोनवर सांगितलं. ते अर्धंच आहे. उरलेलं मी लिहिते.

मी चाळीस वर्षं मैद्याचे गोळे तोडते आहे. कारागिरांना काटा लागतो, मला लागत नाही. गोळा तळहातावर आला की कमी-जास्त कळतं. मागचं पत्र लिहायला बसण्याआधी मी पोरीला दुपट्यात गुंडाळली होती. तेव्हाच हाताला कळलं. घरी आणली तेव्हाच्यापेक्षा ती हलकी होती. हे कळलेलं असताना मी तुम्हाला हवेचं लिहिलं आणि पावाचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई तिला घेऊन स्वयंपाकघरात आली. कपडे काढून तिला उघडी केली, ओल्या फडक्याने अंग पुसलं, तळव्यांना टिचक्या मारल्या. पोर डोळे उघडेना. मान कलंडत होती. सूनबाई म्हणाली, “आई, ह्यांना उठवा. दवाखान्यात न्यायला हवं.”

मी म्हटलं, “उठतीलच आता थोड्या वेळात.”

का म्हटलं, हे तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारते. झोप न झालेला माणूस भट्टीसमोर उभा राहिला तर हात भाजून घेतो, हे माझ्या सासूने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यापुढचा विचार मी कधी केलाच नाही. समोर पोर मलूल पडलेली, आणि मी बंद दाराकडे बघत उभी. नुसती कडी वाजवायची होती. तेवढं माझ्याने झालं नाही.

मग तुमची लेक ओरडली. थेट तुमच्यासारखी, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी. या घरात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चिरंजीव धडपडत बाहेर आला. पावाच्या रिकाम्या गाडीत, ट्रेच्या चळतींमध्ये बसून आम्ही दवाखाना गाठला. बाहेर उजेडात आल्यावर दिसलं. पोर हळदीसारखी पिवळी झाली होती, आणि पडद्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं समजावून सांगत होत्या. “कावीळ चढली की बाळ पेंगतं. पेंगलं की पीत नाही, आणि पीत नाही म्हणून आणखी पेंगतं. आजी, रडायलाही अंगात ताकद लागते.” लंगोट का भिजत नव्हते, हेही त्यांनी सांगितलं. मी त्याचं कौतुक तुम्हाला लिहून कळवलं होतं.

निळ्या दिव्याखाली ठेवली, नाकात नळी घातली. जगली. आता घरी आणली आहे. पण कानाला, डोक्याला काही इजा झाली का, हे कळायला काही महिने जातील म्हणतात. हे चिरंजीवाने तुम्हाला सांगितलेलं नाही. ‘गुणाबाई’ हे नाव आता या घरात कुणी घेत नाही.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या लेकीसाठी. तिचं दूध आटत चाललंय. पंप लावून तासन्‌तास बसते तेव्हा वाटीचा तळ झाकेल इतकं निघतं. ते चमच्याने पाजते, वरून डब्याचं देते. ठरल्या वेळी पोरीला उठवते, आणि मधल्या वेळात स्वतः झोपत नाही. तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. मी म्हटलं, “मी बघते, तू जरा डोळा लाव.” तिने पोरीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड फिरवलं. “मी उठवत होते, आई,” एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. काल पोर हातात असताना उभ्या उभ्या तिचा तोल गेला. चिरंजीव शेजारी होता म्हणून निभावलं. विहीणबाई, एकीला कसंबसं परत आणलं, आता दुसरी माझ्या डोळ्यांदेखत चालली आहे.

माझ्या हातचा घास ती घेत नाही. तुमच्या हातचा घेईल. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, गाडीतली पुढची जागा तुमची. प्लास्टर असलं तरी पाय पसरून बसा, पण या. तिला पोरीसकट माहेरी न्यायची असेल तर न्या, मी आडवी येणार नाही. नात मला पुन्हा कधी बघायला मिळेल ते तुम्ही मायलेकींनी ठरवा.

पडदे काढून टाकले आहेत. खुर्च्यांच्या चिंध्याही सोडल्या. हे म्हणाले, “आता दिवसा झोप कशी यायची?” मी म्हटलं, “नका झोपू.” चाळीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उलट बोलले, आणि तेही उशिराच.

काल वायरमन बोलावून बेलची तार जोडून घेतली. तुम्ही कधीही या, भर दुपारी या. कडी वाजवत बसू नका. बेल दाबा, आणि कुणी उठून दार उघडेपर्यंत तिच्यावरचं बोट काढू नका.

जिच्या भरवशावर तुम्ही लेक सोपवलीत,
ती